काशाकाकूंचं प्रस्थान

काशाकाकू पाणी पीत नसत, चाखत असत. कुणाच्याही घरी गेल्या आणि तांब्या पुढे आला की आधी एक घोट तोंडात घ्यायचा, गाल फुगवून तसाच धरायचा, नजर आढ्याला लावायची आणि गिळून झाल्यावर निकाल द्यायचा. पोखर्णीचं पाणी तुरट. परभणीचं शिळं. शेजारच्या वाडीचं पाणी "म्हशीला पाजायला ठीक हाय." घरची मंडळी समोर ताटकळत उभी असायची, पण काकूंना त्याचं काही नाही. आमच्या पेडगावच्या वरच्या आळीतल्या आडाचं पाणी मात्र त्या डोळे मिटून, घटाघटा प्यायच्या. त्याचा निकाल कधीच लागून गेला होता.

मी राणीसावरगावहून लग्न होऊन पेडगावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मला सोळावं लागलं होतं. पहिले कितीतरी दिवस मी रांजणाच्या आडोशाला बसून रडण्याखेरीज काही केलं नाही. एकदा दुपारी शेजारच्या काशाकाकू नवी सून बघायला आल्या. बाप कोण, आणलं काय, असलं काही न विचारता त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि विचारलं, "तुमच्या सावरगावचं पाणी कसं हाय?"

"गोड," मी म्हणाले.

"आन इथलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. सासूबाईंचा चेहरा पडला. काकूंनी मात्र मांडीवर थाप मारली आणि अशा हसल्या की कोनाड्यातली चिमणी उडाली. "खरं बोलती पोरगी. गोड लागलं की सांग मला," म्हणाल्या. सासरी आल्यापासून माझ्याशी कुणीतरी गंमतीने बोललं ते तेव्हा पहिल्यांदा. मी त्याच दिवशी त्यांची झाले.

काकूंना माझ्या रडण्याचं अप्रूप होतं, त्याला कारण होतं. त्यांचं माहेर आणि सासर एकाच आळीत, मध्ये दोनच घरं. त्यांच्या लग्नात वरात निघाली आणि वाजंत्री सुरात येईपर्यंत पोचलीसुद्धा. आईशी भांडण झालं की त्या सासरी जायच्या, सासूशी झालं की माहेरी, आणि दोघींशी एकदमच झालं तर आडावर जाऊन बसायच्या. आता सासू राहिली नव्हती, आईचे गुडघे गेले होते. पस्तिशी आली, दोन मुलं झाली, पण गाव सोडून जाणं म्हणजे काय हे बाईला ठाऊक नव्हतं. आणि अशा बाईचा नवरा आफ्रिकेत होता.

शिवाप्पाकाका परभणीच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तिथल्या एका कच्छी मिस्त्रीने त्यांना आपल्याबरोबर मोंबासाला नेलं आणि तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात चिकटवलं. माणूस गरीब स्वभावाचा, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. मागच्या रजेत ते बायकामुलांना न्यायला आले होते. बैलगाडी गावच्या शिवेपर्यंत गेली आणि काकूंना आठवलं की लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा राहिला. दादरा बांधायला म्हणून त्या घरी आल्या आणि आतून कडी लावून बसल्या. काका एकटेच गेले. त्या वर्षीचं लोणचं मात्र टिकलं, असं काकू मला वर सांगायच्या.

आता ते पुन्हा आले होते. पहिल्याच दिवशी आमच्या ओसरीवर माझ्या सासऱ्यांपाशी बसले. मी आणि काकू आत होतो, काकू माझी भाकरी नीट थापून देत होत्या. बाहेरून काकांचा आवाज आला. "दोन खोल्या दिल्यात मला तिथं, कुटुंबवाल्यांच्या चाळीत. या खेपेला रिकामा गेलो तर त्या जातील. मग मी बी बोलावणार न्हाई, दादा. किती येळा बोलवावं माणसानं?"

काकूंचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी दोघींनाही समजलं नाही. मग त्या उठल्या, पदराला पीठ पुसलं आणि मला म्हणाल्या, "जायला तर पाहिजे. पण जायचं कसं असतं गं?"

अशी मी परदेशगमनाची जाणकार झाले. आळीत मीच तेवढी नुकती परमुलखात आलेली. काकू दुपारी तूर निवडायला घेऊन यायच्या आणि एकेक शंका काढायच्या. पहिल्या रात्री झोप लागती का? आपण गंमत केली आन कुणी हसलंच न्हाई, तर काय करायचं? भांडायचं झालं तर पहिल्यांदा कुणाशी भांडावं? सासरी तोंड न उघडणारी मी, काकूंना तोऱ्यात उत्तरं द्यायचे. भांडण शेजारणीशी करावं, घरच्यांशी नंतर, असा सल्ला मी दिल्याचं आठवतं. आपण किती शहाण्यासारखं बोलतोय याचं मलाच हसू यायचं. रडणं कधी थांबलं ते लक्षातही आलं नाही.

मग तयारी सुरू झाली. बोट हलते असं काकांनी सांगितल्यावर काकूंनी अंगणात बैलगाडी उभी केली, बसूला आणि गिरजाला, दोन्ही मुलांना, तीत बसवलं, स्वतःही भाकरी-चटणी घेऊन बसल्या आणि भावाला जू धरून गाडी खालीवर करायला लावली. बोटीवर जेवायची सवय. सगळी आळी भिंतीवर चढून बघत होती. गिरजा हसत होती, बसूने जेवण बाहेर काढलं, आणि काकू घास हातात धरून भावाला म्हणाल्या, "हळू कामून करायलास? समुद्र काय तुझ्या ओळखीचा हाय का?" शिवाप्पाकाका घरात तोंड लपवून बसले होते.

शिवेवरचा मागचा प्रकार लक्षात ठेवून काकूंच्या आईने यंदा जोशीबुवांना गाठलं. त्यांनी पंचांग बघून सांगितलं की मुहूर्त येत्या गुरुवारचा आहे. बोट तर नंतरची होती. मग तोड निघाली ती प्रस्थान ठेवण्याची. मुहूर्ताला घर सोडायचं, दुसऱ्याच्या घरी जाऊन राहायचं, आणि खरं निघेपर्यंत आपल्या आवारात पाऊल टाकायचं नाही. टाकलं की प्रस्थान मोडलं, जाणं मोडलं. दुसरं घर म्हणजे आमचं.

गुरुवारी सकाळी काकूंच्या घराच्या दारात हा गोंधळ. ट्रंका, वळकट्या, आमटीच्या येसराचं गाडगं, औक्षणाचं ताट. आई गळ्यात पडून रडली, बायका रडल्या, काकूंनी देवाला हात जोडले, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि बिऱ्हाड आफ्रिकेला निघालं. भिंतीला वळसा घातला आणि आमच्या अंगणात आलं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "प्रवास कसा झाला?" काकू म्हणाल्या, "अंग लय दुखायलंय." मग आधी रडलेल्या सगळ्या बायका तिथेच बसून पोट धरून हसल्या. आई तर गुडघे विसरून लेकीला भेटायला पाठोपाठ आली.

काकू आमच्या पडवीत राहिल्या. चूल त्यांची वेगळी, पूजा झाल्याशिवाय पाणी नाही, हे सगळं शिस्तीत. आणि बोटीचा दिवस पुढे गेला, मग आणखी पुढे. काका वैतागून म्हणाले, बोटवाल्यांकडं जोशीबुवांचं पंचांग न्हाई. तोवर काकूंना आमच्या घरी बसून घराची आठवण यायला लागली. मधली मातीची भिंत कमरेइतकी, त्यामुळे पलीकडचं सगळं दिसायचं. संध्याकाळी भिंतीला टेकून त्या स्वतःच्या घराकडे बघत बसायच्या. "तिकडं आता ऊन तुळशीपाशी आलं असंल," असं म्हणायच्या, आणि ऊन समोरच तुळशीपाशी दिसत असायचं. काही राहिलं की मी जाऊन आणायचे. मी परत आले की विचारायच्या, "तिकडं सगळं ठीक हाय ना?"

तिकडं ठीक नसलेली एकच गोष्ट होती, चंद्री म्हैस. गाभण. ती विकायला काकू तयार नव्हत्या, भावाच्या हवाली करायची असं ठरलेलं. ती व्यायच्या आधीच आपण निघून जाऊ असा हिशेब होता. बोटीने तो चुकवला.

बाजाराचा दिवस होता. पुरुष परभणीला गेलेले, सासूबाई रानात. भरदुपारी चंद्री ओरडायला लागली. काकू भिंतीपाशी धावल्या. रेडकाची खुरं दिसत होती, पण पुढे काही सरकत नव्हतं, म्हैस पडून नुसती धापा टाकत होती. काकूंनी बसूला मामाला बोलवायला रानात पिटाळलं. रान काही जवळ नव्हतं. चंद्रीने पुन्हा हंबरडा फोडला तशा काकू आमच्या दारातून बाहेर पडल्या, वळसा घालून स्वतःच्या दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी एक पाय उचलला.

मी मागेच होते. तो उचललेला पाय मला आजही दिसतो. तो आत पडला असता तर दोन खोल्या गेल्या असत्या, काका पुन्हा एकटे गेले असते, आणि परत कधी बोलावणं आलं नसतं. काकू मात्र पेडगावात राहिल्या असत्या, माझ्याजवळ. त्या गावात माझं दुसरं कुणी नव्हतं. मला त्या जायला नकोच होत्या, अगदी नको होत्या. आणि तरी मीच त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, त्यांच्या हाताखालून आत शिरले आणि म्हणाले, "तुमी भिंतीवरून सांगा, मी करते."

मी तोवर म्हशीच्या जवळही गेले नव्हते. माहेरी आमच्याकडे गायी. चंद्रीने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं आणि मी मटकन खाली बसले. भिंतीवरून आवाज आला, "पाया पडू नगंस तिच्या. मागं जा." मी मागे गेले. "खुरं धर. फडक्यानं धर, निसटत्यात. आता ती जोर करंल तवा वढ. ती थांबली की तू थांब. खाली वढ, खाली!" मी रडत होते, ओढत होते, आणि मध्येच काकू चंद्रीला समजावत होत्या, "घाबरू नगं गं बाई, नवी हाय ती." पाय घसरून मी दोनदा शेणात बसले. तिसऱ्यांदा बसले ती रेडकू मांडीवर घेऊनच.

"नाकातलं काढ. काडी घाल नाकात." मी काडी घातली. पिल्लू शिंकलं. भिंतीपलीकडे काकूंनी मांडीवर थाप मारल्याचा आवाज आला. मी वर बघितलं तर पदर तोंडात धरून बाई ढसढसा रडत होती.

"वगार हाय का रेडा?" त्यांनी शेवटी विचारलं. मी बघून सांगितलं, वगार.

"मग ती तुझी," काकू म्हणाल्या. "तिकडचं बघणारं कुणी झालं. आता जाते मी."

पुढच्या आठवड्यात गाडी जुंपली. शिवेवर आल्यावर काकूंनी गाडी थांबवायला सांगितली. शिवाप्पाकाकांनी डोळेच मिटून घेतले. काकू उतरल्या, पदर खोचला, शीव आपल्या पायांनी ओलांडली आणि पलीकडे उभं राहून आम्हाला म्हणाल्या, "वढून नेलं असं कुणी मनायला नगं." मग मला जवळ बोलावलं. "लागलं का गं गोड?" मी हुंदके देत नाही म्हणून मान हलवली. "हां. लागलं की कळव मला," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

मोंबासाहून पत्रं यायची, बसूच्या अक्षरात. सासरे ओसरीवर मोठ्याने वाचायचे. शेवटची ओळ माझ्यासाठी ठरलेली, "इथलं पाणी अजून गोड लागत नाही. सुनबाईंना लागलं का?" मी सासऱ्यांना लिहायला सांगायचे, अजून नाही. वर्षानुवर्षं हेच. माझी मुलं झाली, वगारीची म्हैस झाली, तिलाही वगारी झाल्या, आणि पत्राच्या शेवटी आमचं दोघींचं पाणी कडूच.

निजामाची शेवटची वर्षं चालू असताना गिरजाच्या लग्नासाठी काकू आल्या. पायात चपला, हातात छत्री, अंगाने भरलेल्या. आधी आईच्या घरी न जाता आमच्या ओसरीवर येऊन टेकल्या. मी आडावरून ताजं पाणी आणलं, त्याच जुन्या तांब्यात. काकूंनी घोट घेतला, गाल फुगवले, नजर आढ्याला लावली. मी पुढ्यात उभी.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या गावचं पाणी जरा जड वाटायलंय गं."

माझं डोकंच फिरलं. "काकू," मी म्हणाले, "पेडगावच्या पाण्याला नाव ठेवायचं न्हाई हं. अशा पाण्याचा आड साऱ्या मुलखात न्हाई."

बोलून झाल्यावर दोघींच्याही लक्षात आलं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"चंद्री व्याली त्या दिवसापासनं. न्हाऊन आले आन तांब्याभर प्याले तवाच." मग मी विचारलं, "आन तुमाला?"

"पहिल्याच वर्षी."

"मग लिहीत का न्हवता?"

"तू एकटी मागं राहिली असतीस," काकू म्हणाल्या. "तू कामून न्हाई लिहिलंस?"

मलाही तेच उत्तर द्यायचं होतं, पण हसू आणि रडू एकदम आलं आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. काकूंनी मांडीवर थाप मारली. मग माझ्या हातातला तांब्या ओढून घेतला. "आण इकडं," म्हणाल्या, "तुझ्या गावचं हाय, टाकणार हाय का मी?" आणि डोळे मिटून, घटाघटा, त्यांनी तो रिकामा केला.