ऑस्करचा बिछाना, एकास सहा

कुत्रा गादीवरून उठायला तयार नव्हता आणि मला गादीचं माप घ्यायचं होतं.

“तो उठाचो नाय,” संतोषची आई म्हणाली. “मेल्याक दिवसभर नुसती झोप व्हयी. तसाच घे माप.”

वरळीच्या बीडीडी चाळीतली ती खोली. संतोष म्हणजे माझ्या क्लाएंटचा ड्रायव्हर. गादीवर पसरलेला लांब कानांचा बीगल म्हणजे ऑस्कर. आईंनी त्याचं नाव बाबू ठेवलं होतं. मी टेप घेऊन त्याच्या पोटाखाली हात घातला. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. गंमत म्हणजे, मला मिळालेल्या माहितीप्रमाणे हा कुत्रा आजारी पडून वारला होता.

आधी माझं काम सांगते, नाहीतर हा सगळा वेडेपणा वाटेल. मी बाहुल्यांच्या पाळीव प्राण्यांचं सामान बनवते. कुत्र्याचा बिछाना, पाण्याचं भांडं, गळ्यातला पट्टा, मांजराला नखं घासायला खांब. लालबागला आमच्या खोलीच्या पोटमाळ्यावर माझं वर्कशॉप आहे. लोक हसतात, पण ऑर्डर्स येतात. स्केल एकास सहा, म्हणजे खरी वस्तू सहा इंचांची असेल तर माझी एक इंचाची. त्यावर वेदरिंग करायचं, म्हणजे नवी वस्तू मुद्दाम वापरलेली दिसेल अशी करायची. चहाच्या पाण्याचे डाग, पॉलिश पेपरने झिजवलेल्या कडा. फोटोवरून मी काम करत नाही. फोटोत झीज दिसत नाही.

परळच्या एका टॉवरमधल्या मॅडमनी फोन केला होता. “आमचा ऑस्कर वारला. इरा खूप डिस्टर्ब आहे. तिच्या डॉलहाउसमध्ये त्याचं सगळं सामान हुबेहूब हवंय. तिला क्लोजर मिळेल.” सामान कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, ड्रायव्हरला देऊन टाकलंय, त्याच्या घरी जाऊन माप घ्या.

आणि तिथे सामानाबरोबर कुत्राही होता, चांगला घोरत.

“नवीन सोफे आले ना ताई,” संतोष म्हणाला. “पांढरे. याचे केस गळतात. मॅडम बोलल्या, घेऊन जा. इराला वारला म्हणून सांगितलंय.”

मी बाहेर गॅलरीत येऊन मॅडमना फोन लावला. “मॅडम, कुत्रा जिवंत आहे.”

“ते तुमच्या स्कोपमध्ये येत नाही, शुभांगीताई. तुम्ही माप घ्या.”

मी माप घेतलं. आत आई पेजेतला भात चिवडून बाबूसाठी गार करत होत्या. नवरा गेल्यापासून आई दिवसभर एकट्याच असायच्या, असं संतोष सांगत होता. आता त्यांची बडबड ऐकायला कोणीतरी होतं. बाबू त्यांच्या पायावर हनुवटी टेकून ऐकायचा. पट्ट्याचं माप घेताना दिसलं, बकलजवळ काळा दोरा बांधलेला होता, त्यात एक मणी. “इतक्या लोकांची नजर लागता तेका,” आई म्हणाल्या.

सेट मनासारखा झाला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गोटीवर ठोकून भांडं केलं, खऱ्या भांड्याला होता तसा पोचा दिला. गादीला बारीक लवेची मखमल, कारण खऱ्या गादीचं कापड लहान मापात घोंगडीसारखं जाड दिसतं. पट्टा चामड्याच्या उरलेल्या तुकड्यातून. आणि त्यावर काळा दोरा, रेशमाचे दोन पदर पिळून, मण्यासकट. माझा हात असाच आहे. समोर असेल ते करतो.

सेटचा डबा द्यायला मी स्वतः गेले. इरा आठवी-नववीतली असावी. तिने एकेक वस्तू उचलली, हळूच पोच्यावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले. मॅडम माझ्याकडे बघून समाधानाने हसल्या. मग इराने पट्टा डोळ्यांजवळ नेला.

“हा दोरा नव्हता.”

“असेल गं,” मॅडम म्हणाल्या.

“नव्हता. रोज मीच पट्टा काढायचे. हा कोणी बांधला? मेल्यावर कोणी बांधतं का?”

“ताईंनी डिझाइन म्हणून लावला असेल. हो ना, ताई?”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. ‘हो’ म्हणून मी घरी जाऊ शकले असते. पण त्या ‘हो ना’चा मला असा संताप आला, की म्हटलं, “मी डिझाइन करत नाही. जे असतं तेच करते. ऑस्कर जिवंत आहे, बाळा. संतोषच्या घरी आहे, मजेत आहे.”

लिफ्टमधून खाली येताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पोरीला कोणीतरी खरं सांगितलं, असं वाटत होतं.

पुढचं संतोषने फोनवर सांगितलं. इराने मॅडमशी बोलणं टाकलं, जेवण टाकलं. आठवडाभरात मॅडम हरल्या. “मलाच सांगितलं, घेऊन ये म्हणून. मॅडम खाली गाडीत बसून होत्या. आमच्या आईने त्याचा भात काढून ठेवलेला, तो पण खाऊ दिला नाही. उशीर होतोय बोलल्या.”

“आणि ते पांढरे सोफे?”

“कव्हर घातलीत.”

कव्हर! एवढ्यावर भागणार होतं, तर पोरीला मरणाची थाप कशाला मारली आणि म्हातारीला लळा कशाला लावला? मी फोनवरच ओरडले. “ठेवतो ताई,” संतोष म्हणाला. त्याला दुसऱ्या दिवशी ड्युटी होती.

मग मॅडमनी डबा त्याच्याच हाती परत पाठवला. आता याची गरज नाही, इरा बघतही नाही, तुम्हीच ठेवा, असा निरोप. मला वाटलं, आईंना देऊ. तेवढीच आठवण. तोच डबा घेऊन मी चाळीत गेले. गादीची जागा तशीच रिकामी होती. आईंनी डबा मांडीवर घेतला, छोटी गादी तळहातावर ठेवली. बोटाने दाबून बघितली.

“ह्या कोणासाठी केल्लंस?”

“इरासाठी. पण तिला आता नकोय.”

त्यांनी गादी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

“तेंका नको झाला की माझ्या दारात. व्हया झाला की घेवन जातत. ह्या पण घेवन जा.”

चहासुद्धा विचारला नाही. मालवणी बाईने चहा विचारला नाही, म्हणजे काय ते मला कळलं.

पुढे दादरच्या एका प्रदर्शनात तो सेट मी मांडला आणि लगेच विकला गेला. घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “किती खरा वाटतो! खऱ्या कुत्र्यावरून केलाय का?”

मी म्हटलं, नाही. खरं बोलायची किंमत मला पडत नाही, हे मी बघितलंय. ती भरतात दुसरेच.