राजघाटाच्या नऊ पायऱ्या आणि ३८१६५४७२९

परवा संध्याकाळी बुऱ्हाणपुरात तापीकाठच्या राजघाटावर गेलो होतो. पायऱ्या उतरताना सवयीने मोजल्या आणि सातवीवर थांबलो... तिथे मी एकदा खडूने भागाकार केला होता.

तेव्हा राज्यांची नवी मांडणी नुकतीच झाली होती आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं होतं. मी मॅट्रिकला, रागाने धुमसत होतो. अशात आमच्या मराठी शाळेत गणिताला आले तिवारी मास्तर, जबलपूरकडचे. मराठीचा गंध नाही.

मराठी शाळेला मराठीच मास्तर हवा, म्हणून मी घाटावर सभा ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गावर बहिष्कार, असं ठरलं होतं. दापोऱ्याचा माझा मित्र नथू म्हणाला, "भाऊ, परीक्षा तोंडावर आली. गणित काय तू भाषणातून शिकवशील?" मी ऐकलं नाही.

सभेला मास्तर स्वतःच आले... एकटे. खिशातून खडू काढून वरच्या पायरीवर ३ लिहिला. दुसरीवर ३८, तिसरीवर ३८१... असा एकेक आकडा वाढवत नवव्या पायरीवर ३८१६५४७२९. एक ते नऊ सगळे आकडे, प्रत्येक एकदाच.

मग म्हणाले, "जिस नंबर की सीढ़ी, उसी से भाग दो. एक जगह भी कुछ बचे, तो मैं कल की गाड़ी से चला जाऊंगा."

दोन, तीन आणि चारचे भागाकार पोरांनी तोंडीच केले. पाचवीवरची संख्या पाचावरच संपत होती, सहानेही भाग गेला. सातला मात्र सोपी खूण नसते... मला वाटलं, इथे सापडले. खडू मागून घेतला आणि खाली बसलो.

सात पंचे पस्तीस, सात चोक अठ्ठावीस... बाकी शून्य.

आठ आणि नऊही सुटले. असा क्रम एकच आहे, मास्तर सांगत होते, कुठल्याही दोन आकड्यांची अदलाबदल केली की एखादी पायरी अडतेच. तो शोधण्यात त्यांची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली होती.

"बोल की भाऊ आता," नथू म्हणाला. भाषण पाठ होतं. पण मी एवढंच विचारलं, हे उद्या वर्गात शिकवाल का?

मास्तर हसले. "सिखाऊंगा. पर भाग तुम मराठी में ही देना, थोड़ी मुझे भी आ जाएगी."

आणि आलीही. परीक्षेच्या आधी ते फळ्याकडे तोंड करून "सात चोक अठ्ठावीस" पुटपुटायला लागले होते...

मराठीसाठी मी पुढे जन्मभर भांडलो, अजून भांडतो. मागणी खरीच होती... त्या दिवशी माणूस चुकीचा निवडला होता.

परवा सातव्या पायरीवर बसून पुन्हा भाग देऊन पाहिला, तोंडी. बाकी शून्य.

मास्तर, दुसऱ्या दिवशीची ती गाडी तुम्ही पकडली नाहीत... उपकार झाले.