आई काशीत खेळायला बसली

भुसावळच्या फलाटावर आईला पोहोचवायला अर्धी गल्ली आली होती आणि बहुतेक सगळ्या बायका रडत होत्या. कित्येक वर्षांपूर्वी त्याच फलाटावरून लग्न होऊन मी बनारसला निघाले, तेव्हा कोणी इतकं रडलं नव्हतं. मी संसाराला चालले होते. आई चालली होती काशीला, वयाची अठ्ठ्याहत्तरी गाठून, आणि आपल्याकडे याचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो.

शेजारच्या मालतीकाकू तिच्या पायावर डोकं ठेवून उठेचनात. "भाग्यवान आहात वहिनी," त्या म्हणाल्या, "काशीत देह ठेवायला नशीब लागतं." आईने शांतपणे मान हलवली. आधीच्या आठवड्यात तिने पितळी डबे, लुगडी, जातं, सगळं वाटून टाकलं होतं. "अगं, परत आलीस की लागेल की," असं मी म्हटलं, तर म्हणाली, "काशीहून कोण परत येतं गं?"

गल्लीतल्या सगळ्यांनो, आणि माझ्यासारख्या दूर जाऊन पडलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला वाटलं असेल, मी आईला पुण्य कमवायला नेलं. मी तिला नेलं, कारण बाबा गेल्यावर ती एकटी राहत होती आणि दोनदा गॅस चालू ठेवून झोपली होती. दुसऱ्या वेळी मालतीकाकूंचा फोन आला आणि मी शाळेच्या स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच भुसावळची गाडी शोधू लागले. त्यानंतर फोन वाजला की मी आधी नाव वाचायची आणि मगच उचलायची. दूर राहणाऱ्या लेकींना हे माहीत असतं.

आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. घरमालक मराठी, आजूबाजूला अजून काही जुनी मराठी घरं आहेत, म्हणून आमच्या यांनी लग्नाआधी बँकेच्या नोकरीत इथे बदली झाल्यावर हीच जागा पाहिली होती. इथून मणिकर्णिकेचा स्मशानघाट लांब नाही. दिवसातून कितीतरी वेळा गल्लीतून "राम नाम सत्य है" ऐकू येतं. आम्हाला त्याची सवय झाली होती. आई मात्र प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून खिडकीशी जायची, हात जोडायची आणि मग बराच वेळ तिथेच उभी राहायची. आपला नंबर कधी, असं विचारत असावी तसा तिचा चेहरा दिसायचा.

हळूहळू तिने जेवण कमी केलं. भाकरी अर्धी, मग पाव. चालणंही थांबलं. पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून पलंग. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण पाय वापरले नाहीत तर काही महिन्यांत उभंही राहता येणार नाही. मी शाळेत गणित शिकवायची आणि मनात दुसरंच चालू असायचं. आत्ता ती उठली असेल. आत्ता बाथरूममध्ये गेली असेल. फरशी ओली तर नसेल?

तेव्हा ताराताई आल्या. खालच्या गल्लीत राहतात, आईपेक्षा थोड्या लहान, जन्म इथलाच. त्यांची मराठी बनारसी आहे. आईने त्यांनाही सांगितलं, की मी इथे शेवटचे दिवस काढायला आलेय. ताराताई खळखळून हसल्या.

"अहो, काशीत काय सगळे मरायलाच येतात? आम्ही तर पैदाच इथे झालो. रोज सब्जी आणतो, दूधवाल्याशी झगडा करतो. चला माझ्याबरोबर, खेळायला चला."

"खेळायला?" आईने माझ्याकडे पाहिलं.

जवळच एका मंदिराच्या सभामंडपात म्हाताऱ्या माणसांसाठी रोज सकाळचं डे-केअर चालतं. हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडतात आणि रश्मीदीदी नावाची एक तरुण बाई सगळ्यांना बसल्या बसल्या खेळ खेळवते. बादलीत वाळूच्या छोट्या पिशव्या टाकायच्या, पिशवीत हात घालून वस्तू ओळखायची, फुगा जमिनीला लागू द्यायचा नाही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर जाऊ लागले. पहिल्या दिवशी आई मांडीवर हात ठेवून ताठ बसली. फुगा तिच्याकडे आला, कपाळाला लागला आणि खाली पडला. कोणी हसलं नाही, पण माझे कान तापले. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "पोरखेळ आहे नुसता."

तरीही दुसऱ्या दिवशी ताराताई दारात हजर. त्यांना नाही म्हणणं आईला जमलं नाही.

अडचण आली ती पायांच्या खेळात. चपला काढायच्या, खुर्चीला पाठ टेकायची आणि फुगा पायाने समोरच्याकडे मारायचा. आईच्या समोर मिश्राजी बसायचे, निवृत्त मास्तर, तिच्याहून मोठे. वडीलधाऱ्या माणसाकडे पाय कसा करायचा? फुगा यायचा आणि आई पाय साडीखाली ओढून घ्यायची.

"माताजी, मारिए न!" मिश्राजी ओरडायचे.

शेवटी एकदा तिने मारला आणि लगेच त्यांना हात जोडून नमस्कार केला. "माफ करा हो," मराठीतच म्हणाली. मिश्राजींनी फुगा परत मारला आणि त्यांनीही नमस्कार केला. मग ती रीतच पडली. लाथ मारायची आणि हात जोडायचे. दहाबारा म्हातारी माणसं लाथा मारून एकमेकांना नमस्कार करताहेत, हे पाहून मी बनारसमध्ये इतक्या वर्षांत हसले नव्हते इतकी हसले. आई त्या दिवशी अख्खी भाकरी जेवली. वर आणखी लोणचं मागितलं.

तुम्हाला वाटेल, आता सगळं सुरळीत झालं असेल. मलाही वाटलं होतं.

एका सकाळी फुगा थोडा लांबून गेला. आईने तो सोडायला हवा होता. तिने पाय पुढे टाकला, अंग पुढे झुकवलं आणि ती खुर्चीवरून घसरली. मी भिंतीशी बसले होते. मला उठायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर खुब्याचं ऑपरेशन, अंथरूण, पाठीच्या जखमा, सगळं येऊन गेलं. मी पोहोचले तेव्हा ती एका गुडघ्यावर होती आणि दोन्ही हातांनी खुर्चीचा हात आवळून लोंबकळत होती. रश्मीदीदीने तिला मागून कंबरेला धरलं होतं. आईची बोटं सोडवायला आम्हा दोघींना जोर लावावा लागला.

एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. गुडघा मात्र काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळदीचा लेप लावता लावता सांगून टाकलं, "आजपासून तिथे जाणं बंद. माझ्यात आता एवढा धीर नाही."

 खालून एक अंत्ययात्रा गेली. आईने हात जोडले, पण खिडकीकडे पाहिलं नाही.

"सुषमा, काल पडताना मी काय केलं, पाहिलंस?"

"खुर्ची धरलीस. नशीब."

"कशी धरली?"

"घट्ट."

"जीव खाऊन धरली गं. मनात काही येण्याच्या आधीच हात गेले." तिने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "मी तर मरायला आले होते ना इथे? सगळ्यांना सांगून, भांडीकुंडी वाटून आले. मग धरलं कशाला?"

 वाटीतला उरलेला लेप मी तिच्या गुडघ्यावर पसरत राहिले.

"मला पडायचं नव्हतं," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. मग आवाज चढला. "गुडघ्याची सूज उतरली की मी जाणार. तुला भीती वाटत असेल तर तू नको येऊस. ताराताई नेतील."

ती गेलीच. आता रश्मीदीदी तिची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवते आणि फुगा लांब गेला तर सोडून द्यायचा, असा नियम सगळ्यांनाच घातला आहे. आई तो पाळते की नाही, मला ठाऊक नाही, कारण माझी शाळा सुरू झाली आहे. भीती गेलेली नाही. तिने मरणाचा नाद सोडला आणि तेव्हापासून तिच्या मरणाची भीती उलट मला जास्त वाटते. पूर्वी ती तयार तरी होती. आता आम्ही दोघीही तयार नाही.

भुसावळहून फोन आला की तुम्ही विचारता, तिकडे करमतं का, घर कोणतं वाटतं, हे की ते. माझ्या बोलण्यात आता सब्जी, परेशानी असे शब्द येतात आणि तुम्ही हसता. खरं सांगायचं तर घर म्हणजे मला आता आमचा जिना वाटतो. शाळा सुटली की मी गल्लीतून जवळजवळ धावतच येते, सायकली आणि गाई चुकवत. जिन्याच्या अंधारात शिरते, कठड्याला धरून थांबते आणि कान वर लावते. त्या थोड्याशा वेळात काहीही असू शकतं.

मग वरून आवाज येतो, "कोण गं? आलीस का? किती उशीर!"

आणि मी चढू लागते.