बॉस डोहाळजेवणाला आला होता

मला भीती वाटली की हसू येतं. लहानपणापासूनची खोड. त्यामुळे इथे सिंगापूरला, रॅफल्स प्लेसच्या आमच्या ऑफिसात एचआरच्या बाईने गोड आवाजात सांगितलं, की कंपनीची पुनर्रचना चालू आहे आणि तुमची जागा त्यात उरत नाही, तेव्हा मी खो खो हसले. सातव्या महिन्याचं पोटही माझ्याबरोबर गदागदा हललं. बाईला वाटलं, वा, किती खिलाडू वृत्तीने घेतलं!

कसली डोंबलाची खिलाडू वृत्ती! घरी येऊन मी धो धो रडले. नवरा पुण्यातली चांगली नोकरी सोडून माझ्या पासवर, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्यावर, डिपेंडंट म्हणून आला होता आणि इथे अजून काम शोधत होता. माझी नोकरी गेली की माझा पास जाणार, माझा गेला की त्याचाही, आणि मग महिनाभरात गाशा गुंडाळायचा. आठव्या महिन्यातल्या बाईला विमानात घ्यायचं म्हटलं की विमानवाले शंभर प्रश्न विचारतात. माझं बाळ कुठे जन्मणार, हेच मला कळेना.

नवऱ्याने मात्र लॅपटॉप उघडून कायदा शोधला. गरोदर बाईला पुरेशा कारणाशिवाय काढता येत नाही, तक्रार करता येते, आधी मध्यस्थापुढे बैठक होते, असं सगळं तो मोठ्याने वाचत सुटला. पुढची ओळ मात्र त्याने हळूच वाचली. त्या बैठकीत वकील चालत नव्हते. माझं मलाच बोलायचं होतं.

"अरे देवा," मी म्हटलं, "मी तिथे हसले तर?"

सासूबाई बाळंतपणासाठी म्हणून मुद्दाम आल्या होत्या. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हस हवं तेवढं. पण इथे आमच्याशी भांडतेस ना, तशी तिथे भांड. उगाच नाजूक होऊ नकोस."

बैठकीच्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला मी, समोर एचआरची बाई आणि माझा बॉस, आणि मधे एक शांत, चष्मेवाले मध्यस्थ. बॉस माणूस वाईट नव्हता हो, पण वरून आलेल्या हुकमापुढे मान तुकवायची त्याला सवय. बाईने सुरुवात केली. निर्णय या महिन्याच्या सुरुवातीला झाला, आणि त्या वेळी मी गरोदर आहे हे कंपनीत कोणालाच माहीत नव्हतं. बॉसने मान डोलावली.

झालं! माझ्या पोटातून हसू उसळलं. दाबायला गेले तर नाकातून बाहेर पडलं. डोळ्यांतून पाणी, घशात उचकी. मध्यस्थांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि काय झालं म्हणून काळजीने विचारलं. मला एवढा एकच शब्द बोलता आला, "डोहाळजेवण!"

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मी उचकी थांबवेपर्यंत बॉसनेच उत्तर दिलं. अगदी उत्साहाने! "यांच्याकडे सातव्या महिन्यात मोठा समारंभ असतो. हिला हिरवी साडी नेसवली होती, फुलांचे दागिने घातले होते, हातात धनुष्यबाण. मग दोन वाट्या झाकून ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हिची बर्फी निघाली. आणि तो नारळाचा गोड भात! मी तीनदा घेतला."

मध्यस्थांनी चष्मा काढला. "हे कधी झालं?"

"गेल्या महिन्यात," बॉस म्हणाला. आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. एचआरच्या बाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की माझ्या सासूबाईसुद्धा वरमल्या असत्या.

पुढे सगळं भराभर झालं. मध्यस्थांनी मला विचारलं, तुम्हाला काय हवंय? बाई लगेच भरपाईचं बोलायला लागली. माझं हसू तेवढ्यात पळालं होतं, कुठे गेलं कोण जाणे. मी टेबलावर हात ठेवून म्हटलं, "भरपाई नको. माझी नोकरी हवी. बाळंतपणाची रजा हवी, आणि रजेनंतर हीच खुर्ची हवी." आवाज चांगलाच चढला होता. आमच्या घरात तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बॉस खाली बघत म्हणाला, "तिचं बरोबर आहे. मला माहीत होतं." आणि संध्याकाळपर्यंत नोकरी परत मिळाली! घरी जाताना एमआरटी मेट्रोत मी, न्यायला आलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी खिदळले, की समोरच्या आजोबांनी उठून मला जागा दिली.

सोमवारी ऑफिसात गेले. पॅन्ट्रीत चहा करत होते, तर आमच्या टीममधली एक चिनी मुलगी आत आली. तिने दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "मलाही दिवस गेलेत. तुझं ते सगळं झालं तेव्हा मी कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. रोज सैल कपडे घालून येते. पण आज तू आलीस."

मी चहा तसाच ठेवला. "चल," म्हटलं.

"कुठे?"

"सांगायला. आत्ताच."

मी तिचा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी बॉसच्या केबिनच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग आमच्या हातांकडे. आम्ही तोंड उघडायच्या आत तो खुर्चीवरून उठला आणि तिला म्हणाला, "अभिनंदन!"