खरवडकाका

खरवडकाकांचं नाक इतकं वर असायचं की पावसाळ्यात त्यात पाणी कसं शिरत नाही, हा दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीला पडलेला सगळ्यात जुना प्रश्न होता. लिफ्ट कधी दुरुस्त होणार हा दुसरा. काका जगाकडे बघत नसत, जगाची पाहणी करत आणि जग प्रत्येक वेळी नापास होई. मदर डेअरीच्या बूथवर ते रांगेत उभे राहिले की दूध फाटण्याच्या भीतीनं आपणहून थंड होतं, असं आमचे वडील म्हणत.

केंद्र सरकारच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून रसायनाचे मोठे साहेब म्हणून ते रिटायर झाले होते. खरं आडनाव काही वेगळंच होतं. पण दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी जी करपट, चिवट, गोडसर खरवड राहते, तिच्याशी त्यांचं पुष्कळ जमत होतं. गोडसर हे विशेषण तेवढं वगळायचं. शिवाय त्यांचा धंदाच खरवडण्याचा. त्या काळात आमच्या अख्ख्या सोसायटीला एपॉक्सी नावाच्या गोंदाचं वेड लागलं होतं. दोन नळ्या पिळायच्या, काडीनं कालवायचं आणि लावून टाकायचं. टाकी गळली, लाव एपॉक्सी. चप्पल तुटली, लाव एपॉक्सी. एका गृहस्थांनी कवळी चिकटवली आणि नंतर आठवडाभर ते सर्वांशी एकमतानं वागले. ही सगळी चिकटलेली माणसं शेवटी काकांच्या दारात जात, आणि काका दार उघडायच्या आधीच आतून म्हणत, "चिकटवायला हात लागतात. सोडवायला डोकं. डोकं आणलंय का बरोबर?"

अपमान केल्याशिवाय त्यांनी कुणाचंही काम केलं नाही. वरच्या मजल्यावरच्या शर्माजींनी फरशीवर सांडलेला एपॉक्सी काढायला तेजाब ओतलं. काका खिडकीतून ओरडले, "अरे महापुरुषा, फरशी जाएगी, फेफड़े जाएँगे, और ये वहीं का वहीं बैठा हँसेगा!" आमच्या वडिलांनी टेबलावरचा डाग मेणबत्तीनं जाळायला घेतला, तेव्हा काकांनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि म्हणाले, "श्राद्ध घालताय का टेबलाचं? जाळलंत की त्याचा धूर होतो, आणि तो धूर तुमच्या पोरांच्या छातीत जातो. ऊब द्यायची असते, अग्नी नाही." आमची आई हातावरचा ओला एपॉक्सी थिनरनं पुसायला निघाली होती. तिला त्यांनी साबण आणि कोमट पाण्याकडे हाकललं. "थिनर कातडीतून आत जातं, वहिनी. तुम्ही भिंत आहात का?"

आई त्यानंतर दोन दिवस त्यांना शिव्या देत होती. हात मात्र साबणानंच धूत होती.

आता नलूमावशी. ती खालच्या मजल्यावर राहायची. तिचे यजमान नाना मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सेक्शन केवढा होता माहीत नाही, पण ऑफिसर फार मोठा होता. मावशीनं माहेराहून आणलेलं काळं शिवणयंत्र होतं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं. त्यावर ती सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. आधी मराठी बायकांचे, मग पंजाबणींचे सूट, मग बंगाली बायकांचं सगळंच. दुपारभर ते यंत्र असं धडधडायचं की यमुनेचा पूल त्या तालावर हलतो, अशी माझी खात्री होती. नानांना त्या आवाजाची लाज वाटे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसात एका समारंभात कुणीतरी त्यांना "अच्छा, तो आप वो टेलर मैडम के हस्बैंड हैं!" असं म्हटलं, आणि त्या दिवसापासून नानांच्या घशाखाली श्रीखंड उतरेना.

एक दिवस मावशीचं यंत्र फिरेना. हाताचं चाक जागच्या जागी दगड. नाना म्हणाले, "सांडलं गं. मी चाकाचा स्क्रू चिकटवत होतो, सांडलं. आता टाकून दे ते. तसंही जुनं झालं होतं."

मावशी रडली नाही. पदर खोचून जिना चढली आणि काकांच्या दारात उभी राहिली. शेजारी म्हणून मीही मागोमाग गेलो. म्हणजे तमाशा बघायला गेलो.

"काका, माझं मशीन गेलं तर मी गेले," ती म्हणाली. "या घरात माझं असं तेवढंच आहे."

काका चष्मा पुसत म्हणाले, "माणसं नवरा टिकावा म्हणून व्रतं करतात. तुम्ही मशीनसाठी. अक्कल आहे तुम्हाला." आमच्या माहितीप्रमाणे त्यांनी आयुष्यात कुणाचं केलेलं हे एकमेव कौतुक.

खाली येऊन त्यांनी यंत्राकडे बघितलं. चाकाच्या आणि यंत्राच्या मधल्या फटीत एपॉक्सी भरलेला होता, गोल, नीटस, करंजीच्या काठासारखा. काका वाकले, नखानं टिचकी मारली, मग नानांकडे वळले.

"सांडलं म्हणता?"

"हो ना. हात हलला."

"सांडलेलं खाली ओघळतं, नाना. हे चाकाभोवती फेर धरून उभं आहे."

नाना वर्तमानपत्रात शिरले. ते इतके आत शिरले की क्रीडा पानापाशी त्यांचं टक्कल बाहेर आलं. मावशीनं एकदा नवऱ्याकडे बघितलं फक्त. तेवढ्यानं त्या खोलीतला पंखा हळू झाला, हे मी शपथेवर सांगतो.

काकांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. खिडक्या उघडा. नानांची मुलगी पिंकी गुडगावच्या कंपनीत नोकरीला, तिचा केस वाळवायचा ड्रायर आणा. जुनं प्लास्टिकचं उलथनं आणा, लोखंडाचं नको. हातमोजे आणा. "आणि पिंकी, एक जुनं पातळ आण. मऊ झालेलं. लवकर."

पिंकी गेली ती जिन्याखाली रंगाऱ्यांनी ठेवलेला अख्खा डबा उचलून घेऊन आली. झाकण उघडलेलं. वास असा, की समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाला शिंक आली. आणि ओट्यावर चहा उकळत होता, खाली गॅस ढणढणत होता.

खरवडकाका आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे धावले. एका हातानं गॅस बंद, दुसऱ्या हातानं झाकण लावून डबा गॅलरीत.

"मी पातळ मागितलं!"

"तो वही तो लाई, काका! पातळ मतलब पतला करनेवाला... थिनर ना?"

"पातळ! लुगडं! साडी! तुझ्या आईची जुनी सुती साडी, पुसायला!"

"तो साडी बोलो ना, यार!" पिंकी रडवेली झाली. "मला काय माहीत पातळ म्हणजे साडी? घरात कोणी बोलतं का?"

काका उघड्या तोंडानं तिच्याकडे बघत राहिले. सगळ्या सोसायटीला तुच्छ लेखणाऱ्या त्या माणसाला, आपला शब्द या पोरीपर्यंत पोचलाच नाही, याचा उलगडा होत होता. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चूक माझी. दिल्लीत पातळ वरणसुद्धा दाल म्हणून मागवावं लागतं. आण बेटा, साडी आण." बेटा म्हणाले! मी भिंतीला धरून उभा राहिलो.

मग सुरू झाला तो उद्योग. ड्रायरची ऊब द्यायची, हात लावून बघायचं, रंग तापत नाही ना याची खात्री करायची, उलथन्याच्या काठानं नखाएवढा तुकडा उचलायचा. परत ऊब. मध्येच मी म्हटलं, "काका, छिन्नी मारू का?" ते न बघता म्हणाले, "तुझ्या डोक्यावर मारून बघ, आवाज कसा येतो ते." सोनेरी वेलबुट्टीच्या जवळ आल्यावर त्यांनी पिंकीचं नेलपॉलिश पुसायचं औषध कापसावर टिपकाभर घेतलं, आणि आधी यंत्राच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघितलं. रंग सुटला. त्यांनी कापूस ठेवून दिला. "फुलं जातील. इथे हातानंच." उघड्या लोखंडावर तेवढं ते लावलं, आणि साडीच्या तुकड्यानं पुसलं. कणभर धूळ उडू नये म्हणून घासायच्या जागी ओला पॉलिश पेपर. दुपार सरली, चहा कुणी मागितला नाही. मावशी हात जोडल्यासारखी बसून होती, पण जोडलेले नव्हते, घट्ट आवळलेले होते.

संध्याकाळी शेवटचा तुकडा निघाला. काकांनी तेलाचे थेंब सोडले आणि बाजूला सरकले. मावशीनं चाकाला हात लावला. ते जरा अडलं, कुरकुरलं, आणि फिरलं.

नाना वर्तमानपत्राबाहेर आले. "म्हणजे आता हे चालणार?"

"मशीन चालेल," काका हातमोजे काढत म्हणाले. "तुमचं चालणार नाही."

आणि चाललं नाहीच. मावशीनं नंतर खालचं स्कूटर ठेवायचं गॅरेज घेतलं आणि तिथे दुकान मांडलं. नाना रिटायर झाल्यावर घरात बसवेना म्हणून तिथे येऊन बसू लागले, आणि बसल्याबसल्या ब्लाउजांना हुक लावू लागले. काका येता-जाता थांबून ते तपासत आणि नापास करत.

काका गेले ते नागपूरला लेकीकडे. टॅक्सी गेटाशी आली तेव्हा निरोपाला सगळी सोसायटी जमली होती, आणि त्यांनी प्रत्येकाला काहीतरी लागेलसं बोलून घेतलं. सर्वांत शेवटी ते गॅरेजशी थांबले. नाना खाली मान घालून हुक लावत होते.

"घट्ट लावताय ते ठीक," काका म्हणाले. "पण उसवावं लागलं तर कापड फाटू नये. आता सोडवायला मी नाही इथे."

नानांनी मान वर केली नाही, नुसती हलवली. आत मावशीनं चाकावर हात ठेवून यंत्र थांबवलं. टॅक्सी वळणापलीकडे जाईपर्यंत तिनं तो हात उचलला नाही. त्या एपॉक्सीच्या दिवसानंतर आमच्या सोसायटीत ऐन दुपारी तो आवाज बंद राहिला, तो तेवढाच.