पडवीतली समुद्रफुलं

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत नव्या वायरिंगचं काम निघालं आणि सगळ्या मजल्याची वीज बंद राहणार असं कळलं. बाकीच्यांनी आपापल्या बाटल्या इतरांच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवल्या. माझं बिऱ्हाड मात्र जिवंत होतं. खडकाला चिकटून राहणारी समुद्रफुलं, ज्यांना इंग्रजीत सी ॲनिमोन म्हणतात. दिसायला फूल, पण आहे प्राणी, आणि पाकळ्या वाटतात त्या त्याच्या विषारी सोंडा. त्या विषातलं एक प्रथिन दुखण्याचा निरोप नसांमध्येच अडवतं असा आमचा अंदाज होता, आणि मी हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. तेव्हा ही फुलं त्यांच्या दगडांसकट निळ्या टबात घालून मी सरळ गावी आणली. गाव पारगावच्या अलीकडे, तिन्ही बाजूंनी ऊस, आणि समुद्र घाट उतरून पार पलीकडे.

दुसरी आणता आली असती तर मी एवढी धास्तावले नसते. पण ज्या खडकावरून ती आणली होती, त्याच्यावर नंतर बोटींच्या धक्क्याचा भराव पडला. आजूबाजूच्या खडकांवर तशीच दिसणारी मिळाली, पण त्यांच्या विषात आमचं प्रथिन सापडेना. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर त्या वाणाचं बियाणं तेवढंच उरलं होतं, आणि ते आमच्या मागच्या पडवीत, बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपावर जगत होतं.

आईनं पहिल्या दिवशी टबात डोकावून विचारलं, "ह्यांना मुळं कुठायत?" प्राणी आहेत म्हटल्यावर तिनं लगेच विचारलं, "मग खात्यात काय?" आठवडे बाजारातला जवळा खातात हे कळल्यावर ती खूश झाली. खाणाऱ्या जिवाशी तिचं लवकर जमतं. जवळा भिजवून, बारीक चिरून ती स्वतः टाकायला लागली. ह्यांच्या विषापासून दुखण्यावर औषध करायचंय असं सांगितलं तर म्हणाली, "मंग माज्या गुडघ्याला कवा येनार ते?" मी म्हटलं, अजून उंदराच्या गुडघ्यापर्यंतही पोचलेलं नाही. त्यावर तिनं टबाकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

एक गोष्ट मात्र तिला पटत नव्हती, ती म्हणजे खारं पाणी. उसाला पाणी पाजून पाजून आमचा खालचा तुकडा खारवला होता. वर मीठ फुटलं आणि तिथं आता गवतही धड उगवत नाही. जित्या जिवाला कुणी खाऱ्या पाण्यात ठेवतं का, असं ती मला दिवसातून एकदा तरी ऐकवायची. मी हसून सोडून द्यायची.

मग चंद्रग्रहण आलं.

आमच्या घरी ग्रहण कडक पाळतात. वेध लागायच्या आत दुधात, लोणच्यात, पिठाच्या डब्यात तुळशीचं पान पडतं. ज्यात पान पडलं ते वाचलं. बाकी घरातलं भरलेलं पाणी सकाळी ओतून द्यायचं आणि हंडे, घागरी, माठ घासून ताजं भरायचं. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलेली. तरी त्या सकाळी माझ्या डोक्यात ते आलं नाही, कारण मला आळेफाटा गाठायचा होता. मुरूडला कांदा घेऊन गेलेला टेम्पो परत येताना माझ्यासाठी समुद्राचं पाणी आणणार होता. चुलत्यांची पिकअप घेऊन मी उजाडताच निघाले.

टेम्पोवाल्यानं हॉटेलसमोर कॅन उतरवून दिले आणि वर म्हणाला, "लोक समुद्र बघाया जात्यात ताई, तुमी तर समुद्रच घरी मागवला राव." मी त्याला चहा पाजला आणि गाणी म्हणत घरी परतले.

अंगण सारवलेलं होतं. हंडे लख्ख घासून पालथे घातले होते. पडवीत टब होता, त्यात तळ दिसेल असं नितळ पाणी होतं आणि तळाशी मातकट गोळे पडले होते. एकही सोंड बाहेर नव्हती. काही फुलं तर दगडापासून सुटून कोपऱ्यात गोळा झाली होती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी विहिरीचं होतं, गोडं.

इतक्या वर्षांचं काम, तो भरावाखाली गेलेला खडक, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी आईला हाक मारली. ती चुलीपासून उठून आली आणि माझ्या तोंडाकडे बघून दारातच थांबली.

"ग्रहनाचं पानी व्हतं, बाई," ती म्हणाली. "दुधात पान टाकलं, ह्यात न्हाई टाकलं. म्हनलं तुळस ह्यांना बाधली तर? मंग पानीच बदललं. लई जपून बदललं."

ती खरंच जपून वागली होती. पान बाधेल म्हणून तिनं पान टाकलं नव्हतं. मला रडू आलं ते निम्मं त्याचंच होतं.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"दूध तापवलं, अंगन सारवलं, अन् भाकरी टाकाया बसले व्हते."

आम्ही दोघींनी कॅन आत ओढले. आधी निम्मं खारं केलं, थोडं थांबून पूर्ण. आई तांब्यानं पाणी काढत होती, मी कडेनं नवं सोडत होते. वर बुळबुळीत चिकटा तरंगत होता, तो ओंजळीनं काढला. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

"जित्ती हायेत का न्हाई, कसं कळतं?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. मेलेलं समुद्रफूल लिबलिबीत होतं आणि त्याचा वास सुटतो. जिवंत असलं तर दाबल्यावर घट्ट लागतं. पावसाळ्यात खडकावरच्या डबक्यात गोडं पाणी भरतं तेव्हाही ती अशीच मिटतात, पोटातलं खारं पाणी धरून भरतीची वाट बघतात. हाच तर माझ्या कामाचा दुसरा भाग होता. पण आम्ही मीठ चिमटीचिमटीनं कमी करत होतो. निव्वळ विहिरीचं पाणी घालायची कुणाची छाती झाली नव्हती. एवढं सगळं सांगितलं, आणि हात काही पुढे होईना.

मग आईनंच पदर खोचला आणि बोट घातलं. "घट्ट हाय," ती म्हणाली. दुसऱ्याला लावलं. "ह्ये बी." एकाजवळ ती जरा थांबली आणि पुढे गेली.

दुपारी आम्ही जेवलो नाही. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि आई माझ्यामुळे उपाशी. ती टबाशेजारी पोतं टाकून बसली होती. मी खांबाला टेकून डोळे मिटले होते, कारण बघवत नव्हतं. तेवढ्यात तिची हाक आली, अगदी हलकी. जोरानं बोललं तर ती पुन्हा मिटतील असं तिला वाटलं असावं.

"इकडं ये. ह्यानं मला धरलंय."

मी जवळ जाऊन पाहिलं. तिचं बोट पाण्यात होतं आणि एका फुलाच्या दोन-तीन सोंडा त्याला चिकटल्या होत्या. सोंडेला चिकटायचं बळ आलं म्हणजे ते फूल शुद्धीवर आलं. बोट चुरचुरत असणार, पण तिनं ते काढलं नाही. बाकीचीही हळूहळू तोंड सैल करत होती. माझा जीव भांड्यात पडला. आईच्या खांद्यावर डोकं टेकून मी हसायला लागले, आणि मग तीही.

एक फूल उघडलंच नाही. ते आईनं मला विचारून घेतलं आणि शेवग्याच्या बुडाशी पुरलं. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना फोनवर सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, गोड्या पाण्यात नेमका किती वेळ होती ते लिहून ठेव. मी आईच्या कामांची यादी सांगितली. त्या म्हणाल्या, भाकऱ्या धरून?

आता फुलं पुण्यात परत गेली आहेत आणि दगडांवर नवी फुटली आहेत. परवा पुन्हा ग्रहण होतं. वेध लागायच्या आधी आईचा फोन आला. "पान टाकलं का?" मी म्हटलं, पाण्यात टाकता येत नाही, काचेच्या झाकणावर ठेवलंय.

ती म्हणाली, "झाकनावर चालतं. मी भटजींना इचारून घेतलंय."