राखणदाराची मूठ

डिचोलीच्या खाणीत मी बावीस वर्षं सुरुंग लावले. खाण बंद पडली तेव्हा माझ्याजवळ एकच विद्या उरली होती, फोडण्याची. त्यामुळे सर्वणच्या वाटेवरच्या एका छोट्या कारखान्याने मला धातू जोडायला बोलावलं, तेव्हा घरात सगळे हसले. बायको म्हणाली, "तुमच्या हातून कपाचा कान तरी कधी जुळलाय?"

काम असं होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाटावर जरासं अंतर सोडून टायटॅनियमचा पातळ पत्रा ठेवायचा, त्यावर सुरुंगाची दारू सारखी पसरायची आणि जुन्या खाणीच्या खड्ड्यात तिला एका कडेने बत्ती द्यायची. वरचा पत्रा खालच्यावर असा आदळतो की दोघे एकजीव होतात. हे दोघे वितळवून जोडायला जावं तर सांधा काचेसारखा ठिसूळ होतो.

दारू किती, ते आमची इंजिनियर ठरवायची. साखळी गावची मुलगी, माझ्या थोरलीच्या वयाची. ती गणित मांडून तोलून द्यायची, मी पसरायचो. पण खाणीत आमची एक रीत होती. भोकात ठरलेली दारू भरली की वर एक मूठ राखणदाराच्या, म्हणजे डोंगर राखणाऱ्या देवाच्या, नावाने. डोंगर त्याचा, त्याला विचारल्याशिवाय फोडायचा कसा? ती मूठ मी इथेही टाकत होतो, तिची पाठ वळली की. जोर जास्त तर सांधा घट्ट, यात शिकण्यासारखं काय आहे?

पहिला पत्रा छिन्नी लावताच सुटला. दुसरा नुसत्या कापण्यानेच. तिसऱ्याला तर मी चिडून लाथ घातली आणि पायाचं बोट आठवडाभर सुजलं. मी हवेला दोष दिला, पत्र्याला दिला, तिच्या शिक्षणालाही दिला. टायटॅनियमचा एकच पत्रा उरला. मालकाने सांगून टाकलं, हा गेला तर हे काम बंद. म्हणजे मी घरी, आणि तीही.

तिने मला भिंगाखाली सांधा दाखवला. दोन धातूंमध्ये लाटा उठल्या होत्या आणि लाटांच्या टोकांशी वितळून गोठलेल्या गाठी. ती म्हणाली की हे जोर जास्त झाल्याचं लक्षण, पण दारू तर ती स्वतः तोलते. मी माझी मूठ खिशात घातली.

चौथ्या वेळी मूठ भरली, तशीच पोत्यात सोडली आणि राखणदाराची मनातल्या मनात माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तुकडा यंत्रात ओढला. अ‍ॅल्युमिनियम तुटलं, सांधा जागचा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात वर येईनात. संध्याकाळी तिला एकटीला गाठून सांगितलं.

ती म्हणाली, "काका, दोन महिने मी माझंच गणित तपासत बसलेय."

तिने तराजू पुढे ओढला आणि मूठ टाकायला सांगितली. मुठीचं वजन कळलं की ती ठरलेल्या दारूतून तेवढंच कमी तोलून देणार होती, म्हणजे राखणदारही खूश आणि सांधाही. मी तीनदा टाकली. तिन्ही वेळा वजन वेगळं आलं.

"असू दे," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "आता तुमची मूठही मीच तोलणार. तुम्ही फक्त नाव घ्या."